जोडलेली नस दिवसाला एक मिलिमीटर वाढते, तेव्हा तिच्या आत नेमके काय चाललेले असते?

प्रश्न: कळव्याची वाचक

सर्वांना नमस्कार. माझे मोठे बंधू रबाळे औद्योगिक वसाहतीतील पत्राकामाच्या एका लहान कारखान्यात काम करतात. नऊ आठवड्यांपूर्वी कापलेल्या पत्र्याची धार त्यांच्या डाव्या हाताला लागली आणि मनगटापासून चार बोटे वर, करंगळीच्या बाजूला, खोल जखम झाली. जवळच्या एका दवाखान्यात रक्त थांबवून त्वचेला टाके घालण्यात आले. बोटांना स्पर्श कळतो आहे का, हे त्या वेळी कोणीही तपासले नाही आणि बधिरपणा सुजेमुळे आहे, आठवड्याभरात जाईल, असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. टाके काढायची वेळ आली तेव्हा करंगळी आणि अनामिका आत वळू लागल्याचे आईच्या लक्षात आले. मग दुसऱ्या रुग्णालयात तपासणी झाली, अल्नर नस (करंगळीच्या बाजूने हातात येणारी नस) पूर्ण तुटल्याचे निदान झाले आणि दुखापतीनंतर चौदाव्या दिवशी शस्त्रक्रिया करून नसेची टोके जोडण्यात आली. त्या शस्त्रक्रियेला आज सात आठवडे झाले.

शल्यचिकित्सकांनी आम्हाला सांगितले की त्यांनी केवळ दोन टोके समोरासमोर आणून ठेवली आहेत. नस आतून वाढावी लागते, ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि या वाढीला तिच्याच आधारपेशी मदत करतात. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, त्यामुळे अधिक विचारता आले नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. विजेची तार जोडली की दिवा लगेच लागतो, मग नस जोडल्यावर स्पर्श लगेच परत का येत नाही? नस वाढते म्हणजे कोठून कोठे वाढते? आणि या आधारपेशी कोण, त्या काय करतात? दादा रोज रात्री करंगळी चिमटून पाहतात आणि काहीच होत नाही असे म्हणून झोपतात. त्यांना नुसता धीर देण्याऐवजी जे खरे आहे ते नीट सांगावे, अशी माझी इच्छा आहे.

उत्तर: निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, ठाणे पूर्व

ताई, आपल्या बोलीत 'नस' हा एकच शब्द रक्तवाहिनीसाठी, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेसाठी आणि मज्जातंतूसाठीही वापरला जातो, आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात. रक्तवाहिनी ही नळी आहे. ती शिवली की रक्त पुन्हा वाहू लागते. कंडरा ही दोरी आहे. ती शिवली आणि भरून आली की ओढ घेऊ लागते. मज्जातंतू मात्र नळीही नाही आणि दोरीही नाही. अल्नर नस म्हणजे हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी असते, आणि त्यातला प्रत्येक धागा हा एका जिवंत पेशीचा लांबवर गेलेला हात असतो. त्या पेशीचे मुख्य शरीर बोटात किंवा मनगटात नसते. करंगळीचा स्पर्श वाहून नेणाऱ्या पेशी मानेच्या तळाशी, मणक्यांलगत असतात, आणि तळहातातले लहान स्नायू हलवणाऱ्या पेशी त्याच पातळीवर मज्जारज्जूच्या आत असतात. तेथून निघालेला एकेक धागा, ज्याला अक्षतंतू म्हणतात, दंडातून आणि कोपरामागून थेट बोटापर्यंत येतो. दादांच्या जखमेत असे हजारो अक्षतंतू आपापल्या पेशीपासून तुटले. शल्यचिकित्सकांनी केसाहून बारीक धाग्याने टाके घातले ते जुडीच्या बाहेरच्या आवरणाला. आतला एकेक तंतू शिवणे कोणालाही शक्य नसते. तारेची उपमा या ठिकाणी लागू पडत नाही ती एवढ्यासाठी.

तुटलेल्या टोकापलीकडच्या, म्हणजे बोटाकडच्या भागाचे काय होते, हे १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याने बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापले आणि पुढचे दिवस सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे निरीक्षण केले. पेशीपासून वेगळा झालेला तंतूचा भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन नाहीसा होतो, हे त्याला दिसले. आजही या प्रक्रियेला त्याचेच नाव आहे. म्हणजे शस्त्रक्रिया झाली तेव्हा दादांच्या मनगटाखालचे अक्षतंतू आधीच मोडून गेलेले होते, आणि त्यांच्याशी पुन्हा सांधा होणे हा प्रश्नच उरला नव्हता. वरच्या टोकाकडून, म्हणजे जिवंत पेशीच्या बाजूने, नवे तंतू फुटून त्यांनी जखम ओलांडून बोटापर्यंतची सगळी वाट नव्याने चालणे, हाच एक मार्ग शिल्लक राहतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच: वाढ कोपराकडून बोटाकडे होते, आणि करंगळीचे टोक सर्वांत शेवटी येते.

मात्र बोटाकडच्या त्या भागात अक्षतंतू मरतात, आधारपेशी मरत नाहीत. माझ्या मते दादांना सर्वांत आधी सांगावे असे काही असेल, तर ते हेच.

या आधारपेशींना श्वान पेशी म्हणतात. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ निराळा असल्यामुळे वर्गात दर वर्षी याचा खुलासा करावा लागत असे: थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या आडनावावरून हे नाव पडले असून, त्याने १८३९ साली या पेशींचे वर्णन केले. निरोगी नसेत त्यांचे काम आवरण घालण्याचे असते. जाड अक्षतंतूच्या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या भागाभोवती एकच श्वान पेशी स्वतःला वेढ्यावर वेढे घालून गुंडाळून घेते, आणि त्या वेढ्यांतून मायलिन नावाचे स्निग्ध आवरण तयार होते. पुढच्या मिलिमीटरवर दुसरी पेशी, त्यापुढे तिसरी, अशा शेकडो पेशी एकाच तंतूवर ओळीने बसलेल्या असतात. दोन पेशींमध्ये जी उघडी खाच राहते तिच्यावरून संदेश उड्या घेत जातो, आणि म्हणूनच तो इतक्या वेगाने पोचतो. वेदना आणि उष्णता वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंना असे जाड आवरण नसते; तेथे एकच श्वान पेशी अनेक तंतूंना एकत्र कवेत घेऊन बसते.

अक्षतंतू तुटला की त्याचा सहवास संपल्याची खूण या पेशींना मिळते आणि एक-दोन दिवसांत त्यांचे वागणे बदलते. मायलिन बनवण्याची यंत्रणा त्या बंद करतात. वर्षानुवर्षे जपलेले ते आवरण त्या स्वतःच आतून मोडू लागतात आणि तुटलेल्या तंतूंचे अवशेषही साफ करतात. हे एकट्याने पुरे होत नाही म्हणून त्या रासायनिक संदेश सोडून रक्तातल्या भक्षक पेशींना बोलावून घेतात, आणि पहिल्या आठवड्यानंतरची बरीचशी साफसफाई या पाहुण्या पेशींकडून होते. ती वरवर दिसते तितकी दुय्यम गोष्ट नाही. जुन्या मायलिनमध्ये नव्या तंतूला अडवणारी द्रव्ये असतात, आणि ते जागेवरून हलल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. तंतू तुटूनही लवकर मोडत नाहीत अशी उंदरांची एक जात १९८०च्या दशकात सापडली. मोडणे उशिरा होते तर भरून येणे सोपे जाईल असे कोणालाही वाटेल, परंतु पुढच्या प्रयोगांत त्या उंदरांच्या संवेदी तंतूंची पुन्हा होणारी वाढ रेंगाळलेली आढळली.

सफाई चालू असतानाच श्वान पेशींची संख्या वाढते, त्या लांबट होतात आणि एकापुढे एक अशा ओळीने उभ्या राहतात. प्रत्येक जुन्या तंतूभोवती एक अतिशय पातळ नळीसारखे अस्तर असते आणि ते तंतू गेल्यावरही टिकून राहते. या ओळी त्याच अस्तराच्या आत तयार होतात. १८९१ साली ब्युंगनर या जर्मन शल्यचिकित्सकाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ब्युंगनरचे पट्टे म्हणतात. येऊरच्या पायथ्याशी आमच्या घरामागे पडवळाचा मांडव असे. वेल वाळला तरी वडील मांडव मोडत नसत. वाळलेली पाने आणि ताणे काढून टाकीत, सुतळ्या ताणून घेत आणि नवा वेल त्यावरच चढवीत. दादांच्या मनगटाखाली श्वान पेशींनी जे केले आहे ते जवळजवळ असेच आहे. फरक इतकाच की हा मांडव जिवंत आहे आणि तो वेलाला खतही घालतो: या पेशी अक्षतंतूला जगवणारी आणि पुढे ओढणारी वर्धक प्रथिने स्रवतात. त्यांपैकी पहिल्या प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नव्या तंतूच्या टोकाला हाताच्या पंजासारखा पसरट भाग असतो, आणि त्यातून निघणारी बोटे पुढची जागा चाचपत असतात. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १८९० साली तो प्रथम ओळखला. याच काहालचा विसाव्या शतकाच्या आरंभी एक मोठा वाद झाला. आल्ब्रेख्त बेटे आणि त्याच्या बाजूचे संशोधक म्हणत की खालच्या भागातल्या पेशींच्या साखळीतूनच नवा तंतू जागेवर तयार होतो. काहाल म्हणे की तंतू वरूनच वाढत येतो आणि त्या पेशी त्याला वाट दाखवतात. काहालचे म्हणणे खरे ठरले. तरीही मला दुसऱ्या बाजूबद्दल आदर वाटतो, कारण खालच्या भागात काहीतरी महत्त्वाचे जिवंत कार्य चालू आहे हे त्यांच्या नजरेने अचूक टिपले होते. चुकला तो केवळ त्याचा अर्थ.

आता हिशेब पाहू. पहिले दोन-तीन आठवडे पेशींची स्वतःची तयारी होण्यात आणि नव्या तंतूंनी नस जोडलेली जागा ओलांडण्यात जातात. त्यानंतर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक इंच. सात आठवड्यांनंतर दादांचे सर्वांत पुढचे तंतू त्या जोडाच्या खाली तीन सेंटिमीटरच्या आसपास, अजून मनगटाच्याही वर असावेत. करंगळीचे टोक तेथून अद्याप वीतभर दूर आहे. आज करंगळी चिमटून काही कळत नाही, यावरून आत काही घडत नाही असे ठरत नाही.

उत्तर: हातावरील उपचारांची फिजिओथेरपिस्ट, नेरुळ

सरांनी आतली प्रक्रिया इतकी नीट सांगितली आहे की मी फक्त माझ्या टेबलावर रोज जे दिसते त्याची भर घालते. तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यातून येणाऱ्या हाताच्या दुखापतींत अल्नर आणि मीडियन या दोन नसा तुटलेले कामगार नेहमीच येतात, आणि तीन महिन्यांच्या सुमारास त्यांचा धीर सुटतो. पट्टी निघालेली असते, जखम भरलेली असते, घरच्यांना हात बरा दिसतो आणि त्यांना स्वतःला मात्र काहीच फरक जाणवत नाही.

करंगळी चिमटण्याऐवजी दादांना दुसरी परीक्षा शिकवावी. १९१५ साली फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पाउल होफमन यांनी, महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना, एक गोष्ट लिहून ठेवली. नव्याने वाढणाऱ्या तंतूंच्या टोकांवर अजून मायलिन चढलेले नसते आणि ती टोके फार हळवी असतात. नसेच्या रेषेवर बोटाने हलकेच टिचक्या मारत बोटाकडून वर यायचे. जेथे टिचकी मारताच करंगळीत मुंग्या आल्यासारखे वाटते, तेथपर्यंत तंतू पोचले आहेत असे समजायचे. ती जागा दर महिन्याला खाली सरकली पाहिजे. आम्ही टेपने नस जोडलेल्या जागेपासूनचे अंतर मोजतो आणि तारखेसह कार्डावर लिहितो. ही परीक्षा पहिल्यांदा उपचार करणाऱ्या व्यक्तीकडूनच करून घ्यावी, आणि दिवसातून दहा वेळा तिथे ठोकत बसू नये.

वाट पाहण्याच्या काळात सर्वांत मोठे नुकसान नसेचे होत नाही, सांध्यांचे होते. बोटे आत वळलेली राहिली आणि त्यांचे सांधे आखडले, तर सहा महिन्यांनी तंतू स्नायूपर्यंत पोचूनही तो स्नायू बोट हलवू शकत नाही. म्हणून दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा रोज पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकवून घेणे, आणि दिलेली आधाराची पट्टी (स्प्लिंट) सांगितलेल्या वेळेपुरती वापरणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. दुसरी गोष्ट भाजण्याची. बधिर करंगळी कधी भाजली हे फोड दिसल्यावरच कळते. चहाचा पेला, कुकरचे झाकण, दुचाकीचा सायलेन्सर, सगळे उजव्या हातानेच हाताळावे, आणि रात्री झोपण्यापूर्वी तळहाताची कड डोळ्यांनी पाहण्याची सवय लावावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी आणि तंबाखू पूर्ण बंद हवी. बी१२ची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे.

स्पर्श परत येतो तो एकदम येत नाही आणि ओळखीचाही येत नाही. हेन्री हेड या ब्रिटिश वैद्याने १९०३ साली स्वतःच्या हातातील त्वचेची एक नस मुद्दाम कापून पुन्हा शिवून घेतली, आणि त्याचे सहकारी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी चार वर्षे त्या हाताची सातत्याने तपासणी केली. बोचणे, अति थंड, अति गरम अशा ठळक जाणिवा आधी परतल्या, त्याही विचित्र आणि पसरट स्वरूपात. कापसाचा हलका स्पर्श आणि नेमकी जागा ओळखणे पुष्कळ उशिरा आले. माझ्या रुग्णांचे वर्णनही असेच असते. याचे एक कारण असे की सगळे तंतू आपापल्या जुन्या नळीतच शिरतील याची खात्री नसते, आणि अनामिकेचा तंतू करंगळीच्या वाटेला लागला की मेंदूला चुकीचा पत्ता मिळतो. मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतात. त्यासाठी स्पर्श परतू लागला की आम्ही ताटात तांदूळ, मूग, राजमा वेगवेगळे ठेवून आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून ओळखायला लावतो. घरी रोज पंधरा मिनिटे हे करणारे आणि न करणारे यांच्या हातांत वर्षाअखेरीस मला स्पष्ट फरक दिसतो.

प्रश्नकर्ती

सर आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. मी काल रात्री सरांचे उत्तर दादांना मोठ्याने वाचून दाखवले. मांडवाचा भाग ऐकल्यावर आई म्हणाली की मांडव कितीही चांगला असला तरी तो एखाद्या पावसाळ्यापुरताच टिकतो. तोच प्रश्न माझ्याही मनात आला. या श्वान पेशी तंतूची वाट किती काळ पाहतात? सुरुवातीला जे चौदा दिवस वाया गेले, त्यांनी किती नुकसान झाले असेल? आणखी एक. आमच्या शेजारच्या काकांच्या मज्जारज्जूला अपघातात इजा झाली, त्याला आठ वर्षे झाली आणि काहीही परत आले नाही. त्यांच्या बाबतीत याच पेशींनी काम का केले नाही?

उत्तर: पेशीजीवशास्त्राचा संशोधक विद्यार्थी, खारघर

ताई, आपल्या आईंनी विचारलेल्या प्रश्नावरच सध्या या क्षेत्रातले सर्वाधिक संशोधन चालू आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

श्वान पेशीचा दुखापतीनंतरचा बदल हा केवळ मागे जाऊन पुन्हा बालपेशी होणे नव्हे, तर एका वेगळ्या कामाची पेशी बनणे होय, असे आता मानले जाते. तिला दुरुस्तीची श्वान पेशी म्हणतात. लंडनमधील क्रिस्टियान येसेन आणि रोना मर्स्की यांच्या गटाने दाखवले की पेशीच्या केंद्रकातील सी-जून नावाचे एक प्रथिन हा बदल घडवण्यात कळीचे असते. निरोगी नसेत ते अत्यल्प असते, आणि नस तुटताच झपाट्याने वाढते. ज्या उंदरांच्या श्वान पेशींतून हे प्रथिन काढून टाकले होते, त्यांच्या नसा इतर बाबतीत निरोगी होत्या, परंतु दुखापतीनंतर सफाई अर्धवट राहिली, पट्टे विस्कळीत झाले, वर्धक प्रथिने कमी पडली आणि हालचाल नीट परतली नाही. म्हणजे अक्षतंतूची वाढण्याची क्षमता शाबूत असूनही केवळ आधारपेशींनी भूमिका बदलली नाही म्हणून दुरुस्ती फसली.

ही भूमिका कायमची नसते. अक्षतंतू येऊन भेटला नाही, तर काही महिन्यांत सी-जूनची पातळी उतरत जाते, वर्धक प्रथिने आटतात, पेशींची संख्या घटते आणि त्यांच्यातून वाढणाऱ्या तंतूंचे प्रमाण कमी होते. वाढत्या वयातही हा प्रतिसाद मंदावतो. दुसरीकडे स्नायूही वाट पाहत असतो. तंतूविना वर्ष-दीड वर्ष गेले की त्याच्यावरील मज्जातंतू जोडला जाण्याची जागा आणि स्नायूचे स्वतःचे तंतू इतके बदलतात की उपयुक्त ताकद परत येणे अवघड होते. काखेजवळ तुटलेल्या नसेला तळहातापर्यंत यायला याहून अधिक काळ लागतो, म्हणून तेथील दुखापतीत हाताचे लहान स्नायू बहुधा गमावले जातात. दादांची जखम मनगटाजवळ आहे. तळहातातील स्नायू तेथून सात ते बारा सेंटिमीटरवर आहेत, म्हणजे चार-पाच महिन्यांची वाट. चौदा दिवस गेले नसते तर उत्तम झाले असते, कारण टोके आखडतात आणि व्रण धरतात. परंतु मध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा न घालता ती थेट जोडता आली, हे महत्त्वाचे आहे, आणि श्वान पेशींच्या कालमर्यादेच्या तुलनेत चौदा दिवस हा लहान काळ आहे.

टोके जुळत नाहीत तेव्हा पायाच्या पोटरीमागील एक संवेदी नस काढून मध्ये बसवतात. त्या तुकड्यातील अक्षतंतूही मरतातच, तरीही तो उपयोगी पडतो, कारण त्यातील अस्तराच्या नळ्या आणि श्वान पेशी जगतात. पोकळ कृत्रिम नळ्याही मिळतात. त्या लहान अंतरासाठी चालतात, पण अंतर तीन सेंटिमीटरच्या पुढे गेले की सहसा अपुऱ्या पडतात. एवढे लांब रिकामे अंतर ओलांडायला तंतूंना सोबतीला श्वान पेशी लागतात आणि त्या पेशींना आधी स्वतःसाठी आधार लागतो. २०१५ साली उंदरांवरील एका सुंदर प्रयोगातून कळले की तुटलेल्या दोन टोकांमधील पुलात आलेल्या भक्षक पेशींना प्राणवायूची कमतरता जाणवते, त्या रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन सोडतात, नव्या केशवाहिन्या पुलात आडव्या पसरतात, श्वान पेशी त्या केशवाहिन्या धरून पलीकडे सरकतात आणि अक्षतंतू श्वान पेशींच्या मागोमाग जातात. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी त्या दिवशी दुसरे काहीच काम करू शकलो नव्हतो.

आता आपल्या शेजाऱ्यांविषयी. मेंदू आणि मज्जारज्जू यांत श्वान पेशी नसतात. तेथे मायलिन बनवणारी पेशी वेगळी असते, ऑलिगोडेंड्रोसाइट. ती अनेक शाखा काढून एकाच वेळी अनेक तंतूंना आवरण घालते, पण तंतू तुटल्यावर ती दुरुस्तीची भूमिका घेत नाही. जुन्या मायलिनचे अवशेष तेथे महिनोन्महिने पडून राहतात, त्यांतील काही प्रथिने वाढत्या टोकाला सरळ रोखतात आणि इजेच्या जागी ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींचा व्रण धरतो. तंतूंत मुळातच वाढण्याची शक्ती नसते, असा अनेकांचा समज होता. १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये सॅम्युअल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातील नसेचा तुकडा पुलासारखा जोडला, आणि जे तंतू मज्जारज्जूत वाढत नव्हते तेच त्या तुकड्यात शिरून काही सेंटिमीटर वाढले. तुकड्याबाहेर, पुन्हा मज्जारज्जूत शिरताच, ते थांबले. तंतू तेच असून भोवतालच्या पेशी बदलताच निकाल बदलला. काकांना आज याचा लाभ देणारा सिद्ध उपचार उपलब्ध नाही, आणि मूळ पेशींच्या (स्टेम सेल) नावाने जाहिराती करून मोठ्या रकमा मागणाऱ्यांपासून त्यांच्या कुटुंबाने दूर राहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर: कुष्ठरोग क्षेत्रात पंचवीस वर्षे काम केलेला कार्यकर्ता, पनवेल परिसर

करंगळी आणि अनामिका वळलेला हात मी असंख्य वेळा पाहिला आहे, पण त्यामागे पत्रा नसे. १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच श्वान पेशींत घर करतो. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून कोपरामागे त्वचेलगत असलेली अल्नर नस वारंवार त्याच्या तावडीत सापडते. जी पेशी दुरुस्ती करायची तीच आजारी पडते, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर तुटून पडते तेव्हा नस सुजून आतल्या आत दबते. येथे वाचणाऱ्यांपैकी कोणाला जखम झालेली नसताना करंगळी बधिर वाटत असेल, कोपरामागची नस जाड किंवा दुखरी लागत असेल, अथवा त्वचेवर संवेदना नसलेला फिकट डाग असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो. नसेची हानी अलीकडची, म्हणजे सहा महिन्यांच्या आतली असेल, तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी ती पुष्कळदा भरून येते. त्यानंतर आलेल्यांना आम्हाला फार थोडे देता येत असे.

प्रश्नकर्ती

आठ दिवसांनी लिहीत आहे. काल आमच्या फिजिओथेरपिस्टना टिचकीच्या परीक्षेविषयी विचारले. त्यांनी बोटाकडून वर येत येत तपासले, आणि मनगटाच्या थोडे वर एका ठिकाणी दादांनी हात झटकन मागे घेतला. करंगळीत मुंग्या धावल्या असे ते म्हणाले. नस जोडलेल्या जागेपासून अंतर साडेतीन सेंटिमीटर भरले. त्यांनी त्या जागी पेनाने खूण करून दिली आणि दादांनी घरी येऊन तो आकडा तारखेसह दिनदर्शिकेत लिहिला आहे. पुढची मोजणी चार आठवड्यांनी आहे, तोवर करंगळी चिमटायची नाही असे आमचे ठरले आहे. शेजारच्या काकूंनाही मी खारघरचे उत्तर वाचून दाखवले. एका जाहिरातीतल्या केंद्राकडे त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली होती, ती त्यांनी रद्द केली.